पुष्पावतीची चौकशी

दिल्ली
७ जानेवारी १९७४

ती. रतनआत्या,

पायांवर डोकं ठेवून नमस्कार. इकडे थंडी अशी आहे की तू शिवलेल्या दोन्ही गोधड्या अंगावर घेतल्या तरी पाय गार ते गारच. तुझी शेंगदाण्याची चटणी संपली. हॉस्टेलातल्या पंजाबी मुली ती पोळीशी खात नाहीत, चमच्याने खातात आणि मग पाणी पीत खोलीभर नाचतात.

आता मुद्द्याचं. येत्या काही दिवसांत गावात एखादा अनोळखी माणूस येईल आणि माझ्याबद्दल विचारील. मी स्वभावाने कशी, शिकले कुठे, ऊठबस कोणाशी, नातेवाईक कोण कोण, असं. तो कोण आणि कशासाठी, हे मला लिहिता येत नाही. तूही विचारू नकोस. जे खरं असेल ते सांगायचं; वाढवायचं नाही, झाकायचं नाही. माझं पुढचं सगळं यावर अवलंबून आहे, एवढंच समज आणि कोणाजवळ बोलू नकोस.

आणि कृपा करून कार्ड टाकणं बंद कर. सहादू पोस्टमन ते वाटेत वाचतो आणि ओट्याओट्यावर सांगत जातो. मागच्या कार्डात तू माझ्या पोटदुखीवर ओवा लिहिलास. त्याच आठवड्यात गावातून मला आणखी दोन पत्रं आली, एकात बाळंतशोप आणि दुसऱ्यात हिंग. बाळंतशोपेचं वाचून माझ्या पोटात जास्तच दुखलं.

मामांना नमस्कार.

तुझी
पुष्पा

*

मिरजगाव, ता. कर्जत
किंक्रांत, १५ जानेवारी

चि. पुष्पास रतनआत्याचे तोंडभरून आशीर्वाद.

आज किंक्रांत, शुभ काम करू नये म्हणतात. पण तुझं पत्र वाचून इतका आनंद झाला की दिवस बघवला नाही. पुष्पे, मी काय काल जन्मले का? अनोळखी माणूस येईल, स्वभाव विचारील, नातेवाईक विचारील, कारण लिहिता येत नाही! अगं, लाजतेस कशाला? स्वतःचं स्वतः जमवलंस तर त्यात चोरी कसली? तिशीला टेकलीस. नवस बोलायला माझ्याजवळ देव उरले नव्हते.

तुझ्या मामांना पत्र वाचून दाखवलं. म्हणाले, "पोरगी मानूस म्हनती, नवरा म्हनत न्हाई." मी म्हटलं, तुम्ही गप बसा. स्थळाकडून आधी चौकशीलाच माणूस येत असतो, नवरा काय थेट दारात उभा राहतो? पौषात बोलणी करत नाहीत हे खरं, पण दिल्लीच्या लोकांना पौष काय आणि माघ काय.

तू काही काळजी करू नकोस. चौकशीवाला मुलीच्या घरी कधी विचारत नाही. तो एस.टी. स्टँडवर चहा पीत विचारतो, बायका बांगड्या भरतात तिथे विचारतो, शाळेत विचारतो. म्हणून राहीबाईला तिच्या हाटेलात, मालनबाईला तिच्या बांगड्यांच्या दुकानात आणि तुझ्या गणिताच्या गुरुजींना शाळेत, सगळ्यांना पढवून ठेवलं आहे. कोणाला सांगू नका असं प्रत्येकाला वेगवेगळं बजावलं, त्यामुळे तिन्हीसांजेपर्यंत साऱ्या गावाला कळलं.

तू सायकलीवर एकटी कर्जतला जायचीस, ते कोणी काढायचं नाही. मॅट्रिकला तालुक्यात पहिली आलीस ते तर मुळीच नाही. मुलगा दोनदा नापास झालेला असला म्हणजे? तू चार माणसांत तोंड उघडत नाहीस, त्याला लोक घुमी म्हणतात. म्हणून सगळ्यांनी "मनमोकळी" म्हणायचं ठरलं आहे.

खरं सांग म्हणतेस. बाळे, लग्नाच्या वेळी लोक खरं बोलले असते तर या गावात एकही लग्न झालं नसतं. माझं तर नाहीच.

तुझी
आत्या

*

दिल्ली
२० जानेवारी

ती. आत्या,

घाईत लिहिते. तो माणूस स्थळाचा नाही. नाही, नाही, नाही! माझं कोणाशी काही जमलेलं नाही. कोणाला पढवू नकोस. सायकल सांग, मॅट्रिक सांग, घुमी सांग. "मनमोकळी" हा शब्द तर कोणाच्या तोंडातून येऊ देऊ नकोस, तुला माझ्या गळ्याची शपथ.

का, ते विचारू नकोस.

पुष्पा

*

मिरजगाव
२४ जानेवारी

चि. पुष्पास आशीर्वाद, आणि पेढे तयार ठेव.

पाहुणे येऊन गेले! अजून गेलेले नाहीत खरं तर, कर्जतला मुक्काम आहे आणि रोज पहिल्या गाडीने इकडे येतात. सगळं नीट सांगते.

एस.टी.तून उतरला तो पायांत काळे चकाकते बूट आणि हातात बाजरीच्या बियाण्याची पिशवी. नाव सांगितलं छगनशेठ, नगरचा बियाण्याचा एजंट. पौषात बाजरीचं बियाणं! ज्याला पेरणी कधी असते ते ठाऊक नाही तो कसला एजंट? राहीबाईने लगेच मला निरोप पाठवला, "रतनबाई, ह्यो पाव्हना एकतर येडा हाय, न्हाईतर तुमचा हाय."

त्याने चहा घेतला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "इथल्या म्हेत्र्यांची मुलगी दिल्लीला असते म्हणे?"

राहीबाई म्हणाली, "असती की. लई गुनाची. निस्ती गरीब गाय."

"म्हणजे स्वतःच्या मनाने काही ठरवत नाही?"

"छ्या! तिला वो कसलं आलंय मन?"

तिथून तो मालनबाईच्या दुकानात गेला, बायकोला बांगड्या घ्यायच्या म्हणून. तिने तर कमालच केली. "पोरगी मनात काई म्हनून ठिवत न्हाई. तुमी इचारा, नका इचारू, सगळं भडाभडा सांगून मोकळी." तो हिशेबाच्या वहीत काही टिपत होता, तो लिहिता लिहिता थांबला. "सगळं?" मालनबाई म्हणाली, "सगळं! आरशावानी हाय. आन नोकरीचं म्हनाल, तर हळद लागली की त्याच दिशी राजीनामा."

गुरुजींनी सांगितलं, आकडेमोडीत बेताचीच होती, पण रांगोळी सुबक काढायची. तुझ्या मामांना त्याने रस्त्यात गाठलं आणि पुष्पाबाई दिल्लीत काय काम करतात म्हणून विचारलं. मामा म्हणाले, "बसती."

"म्हणजे?"

"खुर्चीव बसती. वर पंखा हाय."

शेवटी त्याने पुन्हा राहीबाईला गाठून विचारलं, "नात्यातलं कोणी परदेशात आहे का?" आता बघ, असा प्रश्न मोठ्या घरचीच माणसं विचारतात. आपणही कमी नाही हे दिसावं म्हणून ती म्हणाली, "हाय की, चुलतमामा." कुठे? आता बाहेरचा देश तिला कुठला ठाऊक? समोर कपबशा होत्या. म्हणाली, "चीनला. चिनी मातीच्या कपबशांचा मोठा धंदा हाय त्याचा."

पुष्पे, हे ऐकून पाहुण्याच्या हातची बशी कलंडली. इतका दबला तो! उत्तरागणिक त्याचा चेहरा उतरत होता. एवढी गुणी मुलगी बघून त्याला आपल्या मुलाची लायकी आठवत असावी. आता तो त्या चीनच्या मामांचा पत्ता मागतो आहे. लग्नाला बोलावायचं असेल.

तुझी
आत्या

ता.क. पाकीट चिकटवताना तुझं घाईचं पत्र आलं. गळ्याची शपथ घालतेस, म्हणजे नक्कीच जमलं आहे. सगळ्या मुली आधी नाहीच म्हणतात.

*

दिल्ली
१ फेब्रुवारी
(रजिस्टर पत्र)

ती. आत्या,

चीन? आत्या, चीन? जगात एवढे देश असताना राहीबाईला चीनच सापडावा?

हे पत्र मी लिहायला नको. पण आता न लिहिण्याने जास्त नुकसान होईल. वाच आणि चुलीत घाल. मामांनासुद्धा वाचून दाखवू नकोस.

तो माणूस सरकारचा आहे. माझं काम काय ते मी तुला कधी सांगितलं नाही आणि आजही सांगणार नाही. एवढंच सांगते की पोटात ठेवणं, हेच आमचं काम. इतकी वर्षं मी ते केलं. आता आमच्या विभागाची प्रमुख म्हणून माझं नाव पुढे गेलं आहे. त्या खुर्चीवर आजवर बाई बसलेली नाही. माझ्यासाठी भांडणारे एक साहेब आहेत आणि नको म्हणणारे पुष्कळ. त्यातले एकजण माझ्यासमोर बोलले की बायकांजवळ गोष्ट टिकत नाही. आपण तोंडात तीळ भिजत नाही म्हणतो तेच, पण इंग्रजीत. सगळे हसले. मीही हसले, आत्या. त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

आता तो माणूस लिहून नेणार की ही बाई विचारलं नाही तरी भडाभडा बोलते, हिला स्वतःचं मन नाही, आकडे जमत नाहीत, उद्या राजीनामा देईल आणि हिचा मामा चीनमध्ये आहे. खुर्ची तर जाईलच. आहे ती नोकरीही जाईल, कारण भरवसा नसलेल्या माणसाला आमच्याकडे टेबल पुसायलाही ठेवत नाहीत. मी हे काम मनापासून केलं आहे. मला ते फार आवडतं. ते गेलं तर मी काय करीन, मला माहीत नाही.

काही करता आलं तर कर. पण काय करावं ते मलाही सुचत नाही.

पुष्पा

*

(कार्ड)

मिरजगाव
८ फेब्रुवारी

चि. पुष्पास आ. वि. तुझं स्थळ मोडलं. पत्रिका दाखवली, दोघांची नाडी एक आली. मुलाकडच्यांनी नकार कळवला. नशिबात नव्हतं म्हणायचं. आता गावात कोणी तुझं कौतुक करण्याचं कारण उरलेलं नाही. रडू नये.
आत्या

*

मिरजगाव
१६ फेब्रुवारी

चि. पुष्पास आशीर्वाद.

तुझं पत्र चुलीत घातलं. मामांनी विचारलं काय जाळलं, मी म्हटलं शेणी. आधी माझं ऐक. मी चुकले. तू खरं सांग म्हणालीस आणि मी सारं गाव खोटं बोलायला बसवलं. दोन दिवस घास उतरला नाही.

मग विचार केला. लोकांना म्हणावं, आता खरं बोला, तर ते कारण विचारणार. कारण सांगितलं तर संध्याकाळी कर्जतला पोचणार. गप्प बसवावं तर ते आणखीच गोड बोलणार, कारण ते तुझ्या भल्यासाठीच बोलत होते. मायेने खोटं बोलणाऱ्या गावाला आवरायचं कसं? तेव्हा कार्ड लिहिलं आणि मुद्दाम सहादूच्या हातात दिलं. तुला रडू नये लिहिलं ते वाचून सहादूच रडला म्हणे. तो हाटेलापर्यंत पोचायच्या आत सगळ्यांना कळलं की स्थळ मोडलं. आता झाकायचं कशाला आणि कोणासाठी?

बियाणेवाला हाटेलात चीनच्या मामाचा पत्ता मागत बसला होता. त्याला न विचारता जे ऐकायला मिळालं ते लिहिता लिहिता त्याची पेन्सिल झिजली. काय मोडलं ते बिचाऱ्याला कळेना, पण लिहीत होता. मालनबाईने सायकलीपासून सुरुवात केली, "एकटी जायची, वाऱ्यावानी. कुनाच्या बापाचं ऐकंल तर शपथ!" गुरुजी म्हणाले, "बेताची? अहो, मी फळ्यावर चुकलो की ती उठून दुरुस्त करायची. तिच्या धाकानं मी गणितं घरून सोडवून यायचो." तुझ्या मामांना काही बदलावं लागलं नाही. त्यांचं आधीचंच खरं होतं.

चीनचं राहीबाईने निस्तरलं. त्याला बखोटीला धरून फळीपाशी नेलं, कपबशी पालथी करून दाखवली आणि म्हणाली, "ह्यो तिचा मामा. दुसरा न्हाई. मला दुसरा देशच ठावा न्हाई, मंग काय करू?"

पण पुढचं ऐक. मी तिला ते सांगायला लावलं नव्हतं. ती आपणहून बोलली आणि रागाने बोलली. तिची थोरली पुण्याच्या मिलमधल्या मुलाबरोबर निघून गेली ते तुला आठवत असेलच. "ह्या पुष्पीला सारं ठावं हुतं," ती त्याला म्हणाली. "चिठ्ठ्या हीच पोचवायची. तवा शाळेत हुती ही, एवढीशी. मी हिच्या पाया पडले. शिव्या दिल्या. सरपंचानं चावडीव बशिवली. गुरुजीनं छडी मारली. न्हाई बोलली. माझी पोर कुठं हाय, एवढं न्हाई सांगितलं तिनं. पुढं पोर नातू घिऊन घरी आली, सारं झालं, तरी अजून इचारलं तर ही निस्ती हसती. असली पोट गच्च बांधलेली बया मी जल्मात बघितली न्हाई. तुमी म्हनता मनमोकळी? धोंडा हाय, धोंडा!"

त्याने पेन्सिलीला टोक केलं. मग त्याने "धोंडा" असंच लिहिलं.

आता त्याचं सांगते. मालनबाईशी बोलताना त्याच्या तोंडातून एकदा "का" ऐवजी "कामून" निघालं. नगरचा शेठ कामून कशाला म्हणेल? ते बोलणं जामखेडच्या पलीकडचं, खर्ड्याकडचं. बायकोच्या बांगड्यांचं मापही तिला ठाऊक होतं, कारण तिनेच विकल्या. तिने खर्ड्याच्या बाजाराला आपल्या जावेकडे निरोप धाडला. उलटा निरोप आला: नाव गहिनीनाथ, खर्ड्याच्या बनुबाईचा मुलगा, पोलीस खात्यात आहे पण वर्दी घालत नाही, बायको गरोदर, माहेरी आहे. तुझ्या पत्राचं नावसुद्धा मी कोणाजवळ काढलं नाही. हे आमचं आम्ही शोधलं.

त्याला जेवायला बोलावलं. हुलग्याची शेंगोळी केली. दुसऱ्यांदा वाढताना म्हटलं, "गहिनीनाथराव, लाजू नका, घ्या अजून." त्याला असा ठसका लागला की मामांनी पाठीवर थापटलं.

"तुम्हांला कोणी सांगितलं?" डोळे पुशीत त्याने विचारलं.

मी म्हटलं, "ते सांगायचं नसतं."

मग तो हसला. चांगला मुलगा आहे. निघताना त्याने विचारलं, पुष्पाबाई दिल्लीत नेमकं काय करतात? मी म्हटलं, ठाऊक नाही. त्याने तेच फिरवून फिरवून विचारलं. पगार किती, साहेब कोण, एकाहत्तरचं युद्ध चाललं होतं तेव्हा ती कुठे होती. मी म्हटलं, ठाऊक नाही. "आत्या असून?" "आत्या असून. लाज वाटती सांगायला. साऱ्या गावाचं मला ठावं, आन घरच्या पोरीचं न्हाई." त्याने तेही लिहून घेतलं.

तेव्हापासून जिवाला घोर लागला आहे. एवढं सावरलं आणि शेवटी मीच घाण केली असं वाटतं. घरच्या माणसाला मुलीची नोकरी सांगता येऊ नये, हे कागदावर किती वाईट दिसत असेल. काहीतरी ठोकून द्यायला हवं होतं. पण तू खरं सांग म्हणाली होतीस.

काय होईल ते लवकर कळव. वाईट असलं तरी कळव. आणि नोकरी गेलीच तर हे घर तुझं आहे.

तुझी
आत्या

*

दिल्ली
२ मार्च

ती. आत्या,

मिळाली! खुर्ची मिळाली!

साहेबांनी काल बोलावलं. अहवाल मला दाखवायला नको होता. त्यांनी दाखवला नाहीच, पण दोन ठिकाणी वाचून दाखवल्याशिवाय त्यांना राहवलं नाही. पहिल्या भागात मी आरसा आहे आणि दुसऱ्या भागात धोंडा आहे. नको म्हणणाऱ्यांनी आरशावर बोट ठेवलं होतं. मग साहेबांनी शेवटचा भाग सगळ्यांसमोर वाचला. त्यात लिहिलंय की या गावात कोणतीही गोष्ट कोणालाही न विचारता कळते. चौकशी करणाऱ्याचं नाव, गाव, खातं आणि त्याच्या बायकोची प्रकृती हे सगळं गावाने काही दिवसांत शोधून काढलं. अशा गावात उमेदवार काय काम करते, हे एकाही माणसाला सांगता आलं नाही. कोणी टायपिस्ट म्हणालं, कोणी नर्स, कोणी रेल्वेत तिकिटं देते म्हणालं. खुद्द सांभाळणाऱ्या आत्यालाही ठाऊक नाही, आणि ही आत्या सामान्य बाई नव्हे. पोटात ठेवण्याचा याहून मोठा पुरावा आपल्याला मिळाला नाही, असं त्याने लिहिलं.

तुला जे घाण केलं वाटलं, आत्या, त्यानेच मला खुर्ची दिली.

नको म्हणणाऱ्यांपैकी कोणी हसलं नाही. साहेब मात्र नंतर म्हणाले, तुमच्या आत्यांना इकडे नोकरी करायची आहे का? ते पूर्ण चेष्टेत बोलले असं मला वाटत नाही.

आता माझ्या मनात एक आहे. तू मला वाढवलंस. इतकी वर्षं माझ्याबद्दल गावाला काय सांगावं हे तुला कळत नव्हतं, आणि सारं ठाऊक असणारी बाई माझ्यापायी परक्या माणसासमोर "ठाऊक नाही" म्हणाली. ते वाचताना मला रडू आलं. पाडव्याला चार दिवस येते आहे. तेव्हा फक्त तुला, कानात, मी काय करते ते सांगणार आहे. नियम काही म्हणोत. तुझा तेवढा हक्क आहे.

पुष्पा

*

मिरजगाव
१० मार्च

चि. पुष्पास अनेक अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि देवापुढे साखर ठेवली. गावाला सांगितलं, पुष्पाला बढती मिळाली. कशात, ते विचारलं. म्हटलं, खुर्ची मोठी मिळाली. मामा म्हणाले, "पंखाबी मोठा आसंल." मला तुझा फार अभिमान वाटतो, पुष्पे. तुझा बाप असता तर त्याने एस.टी. स्टँडवर पेढे वाटले असते आणि मग मलाच पैसे मागितले असते.

आता कान उघडून ऐक. मला काही सांगायचं नाही. पाडव्याला नाही, दिवाळीला नाही, मी मरायला टेकले तरी नाही. खुर्चीवर बसून आठवडा झाला नाही तोवर नियम काही म्हणोत म्हणतेस? हक्काचं काय घेऊन बसलीस. मी विचारणार, माझा स्वभावच तो. तू हसायचं आणि भाकरी थापायची.

आणि खरं म्हणजे गहिनीनाथाला मी ठाऊक नाही म्हणाले, ते सगळंच खरं नव्हतं. युद्ध संपल्यावर तू घरी आली होतीस, तोंड सुकलेलं, डोळे आत गेलेले. आल्या आल्या भर दुपारी आडवी झालीस आणि झोपेत बोलू लागलीस. नुसते आकडे. पाच आकडे म्हणायचीस, थांबायचीस, पुन्हा पाच. मधेच एखाद्या गावाचं नाव, आपल्या मुलखातलं नव्हे. मला त्यातलं काही समजलं नाही. पण बाहेर ओट्यावर राहीबाई आणि मालनबाई येऊन बसल्या होत्या, आणि हे त्यांच्या कानी पडायचं नाही एवढं कळलं.

म्हणून मी जातं ओढायला बसले. पायलीभर ज्वारी होती ती दळून झाली, तरी तू बोलतच होतीस. मग रिकामं जातं ओढत बसले. राहीबाई म्हणाली, "रतनबाई, पीठ कुठं पडतंय?" मी म्हटलं, जातं गुळगुळीत झालं आहे, टाकी लावून खरखरीत करायला हवं, आवाज बघते. तू उठेपर्यंत ओढलं. हाताला फोड आले ते तू पाहिलेस आणि काय झालं विचारलंस, तेव्हा मी तुला सांगितलं नाही. आज सांगते, कारण आता सांगायलाच हवं.

तेव्हा बाई, आधी ते हॉस्टेल सोड. त्या पंजाबी मुली चांगल्या असतील, पण त्यांच्याजवळ जातं नाही. आता मोठी झालीस, साहेबांकडून एकटीची खोली मागून घे. आणि दुपारची झोपत जाऊ नकोस.

तुझी
आत्या